कंपवातातील गतिस्तंभ : पेण-रोह्याच्या संदर्भात एक विवेचन

कंपवात म्हटला म्हणजे थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगास दिलेले नावही कंपावरूनच आले आहे. तथापि रोग्यास परावलंबी करणारे लक्षण पुष्कळदा निराळेच असते. चालण्याची इच्छा असते, पायांत बळही असते. परंतु पाऊल जमिनीस खिळल्यासारखे होते व काही क्षणांनी पुन्हा सुटते. या अवस्थेस येथे गतिस्तंभ असे म्हटले आहे.

गतिस्तंभ वाटेल तेथे होत नाही. पहिले पाऊल उचलताना, वळताना, अरुंद दारातून जाताना, घाईत किंवा दुसरीकडे लक्ष गुंतले असता तो विशेषेकरून होतो. पेण किंवा रोहे स्थानकावर गाडीत चढू पाहणाऱ्या रोग्याचे उदाहरण घ्यावे. गाडी सुटण्याची घाई, समोर अरुंद दार, मागे गर्दी, हातात पिशवी : सर्व प्रतिकूल कारणे एकाच जागी जमतात. सोबतच्यांना हा भित्रेपणा वाटतो. ते हात धरून ओढतात. मग धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि रोगी पडतो.

निरोगी मनुष्य पावलांचा विचार न करता चालतो. ही सवयीची गती मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशीसमूहांवर अवलंबून असते व त्यांना डोपामीन हे द्रव्य लागते. ते निर्माण करणाऱ्या पेशी कंपवातात नष्ट होत जातात. डोळ्यांनी पाहून, लक्षपूर्वक करावयाच्या हालचालीचा मार्ग मात्र बराच शाबूत राहतो, असे मानले जाते. जे. पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली दाखविले की, वाटेवर आडव्या रेघा असल्यास रोगी त्या ओलांडीत चालू शकतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांना आपले काका सपाट जमिनीवर अडखळतात, पण जिना सहज उतरतात, असे आढळले. त्यांनी जमिनीवर जिन्याचा आभास निर्माण करणारे चित्र पसरले आणि काका त्यावरून चालू लागले. हा अनुभव त्यांनी २०१५ मध्ये डेल्फ्ट येथील व्याख्यानात मांडला.

या उपायास मर्यादा आहेत. रेघ संपली की गुण ओसरू लागतो. लेव्होडोपा या औषधानेही काहींचा गतिस्तंभ पूर्णपणे हटत नाही. संशोधनातील खरी अडचण मात्र वेगळीच आहे. प्रयोगशाळेत परीक्षकासमोर रोगी लक्षपूर्वक चालतो, त्यामुळे घरी वारंवार होणारा गतिस्तंभ तेथे बहुधा दिसतच नाही. म्हणूनच पेण-रोह्यासारख्या ठिकाणचा उंबरा, न्हाणीघराचे दार व स्थानकाचा फलाट ही या अभ्यासाची योग्य क्षेत्रे होत. खडूच्या चार रेघांना खर्च नाही. मात्र त्या कोठे व किती अंतराने आखाव्यात, हे त्या त्या घरातील रोग्याचे चालणे पाहूनच ठरवावे लागेल.