मे महिन्याची हवा, डिसेंबरची सुई

रायपूरचा माना विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१७ मीटर उंचीवर आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांवर गेला, की इथल्या एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.०६ किलो भरतं. डिसेंबरातल्या सकाळी १२ अंशांना तीच हवा १.२० किलोच्या आसपास असते. म्हणजे एकाच मैदानावर, काही महिन्यांच्या अंतरानं, हवेत साधारण १२ टक्क्यांचा फरक पडतो. मोठ्या विमानांचे वैमानिक हा हिशेब उड्डाणाआधी करतातच. मॉडेल विमानाच्या नाकावर बसणाऱ्या २० किंवा ५० सीसीच्या पेट्रोल इंजिनालाही तो लागू आहे, आणि इंजिन निवडताना, बसवताना जे घोळ होतात त्यांतल्या बऱ्याच घोळांचं मूळ मला याच आकड्यांत दिसतं. इंजिन कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर माणसं तासन्तास बोलतात. हवेबद्दल फार थोडे बोलतात.

फसगत कशी होते ते पाहा. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. पण प्रोपेलरला ढकलावी लागणारी हवाही तितकीच विरळ झालेली असते, त्यामुळे त्याचा भारही तितकाच कमी होतो. परिणामी टॅकोमीटरवर फेरे जवळजवळ तेवढेच दिसतात. आवाज तोच, आकडा तोच. ओढ मात्र १२ टक्क्यांनी कमी झालेली असते, आणि हवेत तरायला विमानाला सहा टक्के जास्त वेग हवा असतो. डिसेंबरात झकास उठणारं विमान मे महिन्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत नुसतं धावत राहतं, आणि उडवणारा कार्ब्युरेटरवर संशय घेत बसतो. म्हणून रायपुरात मी टॅकोमीटरपेक्षा साध्या स्प्रिंगच्या काट्यावर जास्त विश्वास ठेवतो. विमानाच्या शेपटीला दोरी बांधायची, दोरी काट्याला, काटा पक्क्या खुंटीला. इंजिन पूर्ण सोडलं की किती किलोची ओढ येते ते काटा सांगतो. त्याला हवेची वेगळी दुरुस्ती लागत नाही.

मॉडेल विमानाचं हे पेट्रोल इंजिन मुळात टू-स्ट्रोक. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात साठी ओलांडलेल्या कोणत्याही काकांना विचारा, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण त्यांची जवानी लुनावर गेलेली असते. १९७२ साली कायनेटिकनं आणलेल्या त्या लुनाचं इंजिनही ५० सीसीच्या घरातलं, टू-स्ट्रोकच. वंगणाची वेगळी सोय नाही, जे ऑइल मिळायचं ते पेट्रोलबरोबरच. मॉडेल विमानाच्या इंजिनात ही गोष्ट जिवावरची ठरते. पेट्रोल कमी पडलं तर ऑइलही कमी पडतं.

या छंदात पेट्रोल दोनदा आलं. १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत फिलाडेल्फियाच्या मॅक्सवेल बॅसेटनं विल्यम ब्राउनच्या सुमारे १० सीसीच्या पेट्रोल इंजिनावरची विमानं उडवली आणि रबराच्या पिळावर उडणाऱ्यांना मागं टाकलं. पण त्या इंजिनासोबत कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचं ओझं वाहावं लागे. १९४७ मध्ये रे आर्डेननं ग्लो प्लग बाजारात आणला, ते ओझं उतरलं, आणि पुढची काही दशकं मिथेनॉल, एरंडेल आणि नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या ग्लो इंजिनांचं राज्य राहिलं. १९७० च्या दशकात लाकूड कापायच्या करवतींची इंजिनं मोठ्या मॉडेलांवर चढू लागली आणि पेट्रोल परत आलं. हलकं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यावर ते टिकलं. ग्लो इंजिनाच्या गोडीबद्दल मला आदर आहे, पण हिशेब पेट्रोलच्या बाजूनं आहे. एक किलो मिथेनॉल जाळायला साडेसहा किलो हवा पुरते, एक किलो पेट्रोलला पावणेपंधरा किलोच्या आसपास लागते. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त जळतं. शिवाय पेट्रोल नाक्यावरच्या पंपावर मिळतं.

करवतीकडून या इंजिनाला मिळालेला सगळ्यात मोठा वारसा म्हणजे कार्ब्युरेटर. वॉलब्रो पद्धतीच्या या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट नसतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांनी एक पातळ पडदा हलत राहतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा बाहेरच्या हवेच्या दाबाशी तोल साधत आतली झडप उघडतो, मिटतो. विमान उलटं झालं, उभं चढलं, तरी पुरवठा तुटत नाही. रायपुरात याचा आणखी एक फायदा आहे. शेतीच्या अवजारांच्या दुकानांत ब्रश कटर मिळतात, त्यांचे कार्ब्युरेटर याच जातीचे, त्यामुळे पडद्यांचा संच पुष्कळदा तिथंच सापडतो. जुना पडदा सोबत न्यावा आणि भोकाला भोक लावून पाहावा. नुसतं सीसी सांगून मागू नये.

आता निवड. जपानी झेनोआ, जर्मन ३डब्ल्यू, अमेरिकेतलं डेझर्ट एअरक्राफ्ट आणि चिनी डीएलई ही यातली नावाजलेली नावं. नावापेक्षा वजनाचा विचार आधी करावा. ढोबळ मानानं २० सीसीला चार ते पाच किलोचं विमान शोभतं, ३० ते ३५ सीसीला पाच ते साडेसहा, आणि ५० ते ६० सीसीला साडेसात ते नऊ. माझा आग्रह असा, की विमान बनवणाऱ्यानं इंजिनाची जी मर्यादा दिली असेल तिचं वरचं टोक रायपूरकरानं धरावं. २० ते ३० लिहिलं असेल तर ३०. कारण निवड मे महिन्याच्या हवेसाठी करायची असते. मर्यादेच्या बाहेर मात्र जाऊ नये. जड नाकाचं विमान उन्हाळ्यात आणखी वेगानं उतरतं, आणि चाकांचे पाय मोडतात. तोलताना इंजिन एकटं तोलू नये. सायलेन्सर, इग्निशनचा डबा, त्याची बॅटरी, प्रोपेलर, सगळं एकत्र काट्यावर ठेवावं. प्रोपेलर २० सीसीला १६ बाय ८, ३० ला १८ बाय ८ किंवा १९ बाय ८, ५५ ला २२ बाय ८ किंवा २३ बाय ८ यांपासून सुरुवात करावी. हे आकडे इंचांत.

बसवण्याच्या कामात फार गूढ नाही, शिस्त आहे. स्क्रूंना निळं थ्रेडलॉक, पुढच्या भिंतीला चांगला विमानी प्लाय, इंजिन उजवीकडे दोन-तीन अंश वळवलेलं. पेट्रोलसाठी सिलिकॉनची नळी चालत नाही, ती फुगते. टायगॉनसारखी पेट्रोल सोसणारी नळी हवी, आणि टाकीचं बूचही त्याच गुणाचं. इग्निशन आणि रिसीव्हर यांत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं, बॅटऱ्या वेगळ्या. थ्रॉटलचा दांडा धातूचा असेल तर एका टोकाला नायलॉनचा जोड द्यावा, नाहीतर ठिणगीचा गोंगाट थेट सर्व्होपर्यंत पोचतो. लाकडी प्रोपेलर वापरत असाल तर ऋतू बदलला की बोल्ट पुन्हा आवळा. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड इथल्या उन्हाळ्यात इतकं आकसतं, की घट्ट बसलेला प्रोपेलर सैल होतो.

काउलिंगपाशी मात्र थांबायला हवं. पुढून हवा आत येते, पण ती सिलिंडरच्या पंखांमधूनच गेली पाहिजे. तशी गेली नाही तर तिचा उपयोग शून्य. त्यासाठी आत पातळ प्लायची आडभिंत घालतात, आणि बाहेर पडायचं तोंड आत येणाऱ्या तोंडाच्या अडीच ते तिप्पट ठेवतात, कारण तापलेली हवा फुगलेली असते. मी इथं तिप्पटच धरतो. आणखी एक बारकावा. कार्ब्युरेटरच्या झाकणावरच्या छोट्या भोकातून तो दुसरा पडदा बाहेरचा दाब चाखतो. काउलिंगमध्ये घोंघावणारी हवा त्या भोकावर आपटली की जमिनीवर गोड चालणारं इंजिन हवेत अडखळतं. भोकावर बारीक नळी बसवून ती विमानाच्या पोटात सोडली, की हा त्रास जातो.

मग सुया. बहुतेक इंजिनांच्या कार्ब्युरेटरवर एल आणि एच अशा दोन असतात. पहिली मंद चालीसाठी आणि मधल्या टप्प्यासाठी, दुसरी पूर्ण वेगासाठी. दोन्ही साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करावी. इंजिन नीट तापल्यावर पूर्ण सोडावं, एच सुई हळूहळू मिटत फेरे सर्वांत वर न्यावेत, आणि तिथून ती परत थोडी उघडून शंभर-दोनशे फेरे सोडून द्यावेत. ते शंभर-दोनशे फेरे म्हणजेच सिलिंडरला मिळणारं ऑइल. मग मंद चाल. एकदम सोडल्यावर इंजिन गप्प होऊन मरत असेल तर एल सुई थोडी उघडावी. गुरगुरत, धूर ओकत उठत असेल तर मिटावी. एल बदलली की एच पुन्हा तपासावी लागते, कारण पूर्ण वेगात पेट्रोल दोन्हींतून येतं. हे सगळं करताना पाठीमागून हात घालायचा, प्रोपेलरच्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही, आणि इग्निशन चालू असताना प्रोपेलर हातानं सहजही फिरवायचा नाही.

रायपुरातल्या उडवणाऱ्याला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते इथं. आपला उडवायचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. धान कापून होतं, मुरमाड भाठा जमीन कडक असते, पौषातल्या छेरछेरा सणापर्यंत सकाळी वारा शांत. आणि इंजिनासाठी सगळ्यात धोक्याची हवा तीच असते. थंड, दाट हवा जास्त ऑक्सिजन आणते, सुईतून पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. मे महिन्यात बसवलेली सुई तशीच ठेवली तर डिसेंबरच्या सकाळी गरजेपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पंपावर ई-२० मिळतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. २० टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. थंडी आणि इथेनॉल, दोन्ही एकाच दिशेला, कोरडेपणाकडे, म्हणजे इंधन कमी पडण्याकडे ओढतात. इंजिन त्या कोरडेपणात फार खुशीत, धारदार आवाजात चालतं, आणि मग एखाद्या उभ्या चढात पिस्टन सिलिंडरला धरतो. म्हणून हंगामाच्या पहिल्या सकाळी एच सुई फेऱ्याचा आठवा भाग उघडूनच सुरुवात करावी आणि तिथून हळूहळू मिटत यावं.

इथेनॉल पाणीही शोषतं. पावसाळाभर कॅनमध्ये पडून राहिलेल्या मिश्रणात तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि टाकीचं वजनदार टोक नेमकं तळाचंच ओढतं. एका वेळी लागेल तेवढंच मिसळावं. नव्या इंजिनाला ३० ला १, म्हणजे लिटरमागे ३३ मिलि ऑइल. पुढं निर्मात्यानं सांगितलं असेल तर ४० ला १, लिटरमागे २५ मिलि. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवावं. उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. उतरल्यावर तापलेल्या काउलिंगमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन लगेच सुरू होत नाही. सुयांना हात लावू नका. सावलीत नेऊन काउलिंग थंड होऊ द्या.

उडवायचं कुठं, हाही निवडीचाच भाग. नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते पाहून कोणाचाही जीव लागेल, पण माना विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे, ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची. आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. डिजिटल स्काय नकाशा पाहूनच जागा ठरवावी. शिकायचं असेल तर शहरात एनसीसीची ३ सीजी एअर स्क्वॉड्रन आहे. एअर विंगच्या अभ्यासक्रमात एरोमॉडेलिंग असतंच, आणि बाल्सा कापून हात बसलेल्या कॅडेटला पेट्रोल इंजिनाची शिस्त फार लवकर कळते. भाठा जमीन धावपट्टीला उत्तम, फक्त तिथले मुरमाचे खडे प्रोपेलरची टोकं खातात. पट्टी आधी झाडून घ्यावी, आणि विमान तिथं उभं ठेवून पूर्ण सोडू नये.

रिसीव्हरवर इग्निशन तोडणारा स्विच लावा आणि सिग्नल गेला तर तो आपोआप तुटेल असं बसवा. पहिले दोन-तीन लिटर जळले की प्लग काढून बघा. सीएम-६ प्लगची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी, टोकाचा रंग फिका तपकिरी. काळा, ओला दिसला तर एच सुई जराशी मिटा. पांढुरका दिसला तर आठवा भाग उघडा, त्या दिवसाचं तापमान आणि काट्यावरची ओढ वहीत लिहा, आणि मगच पुढची टाकी भरा.