ग्रंथालय : कोठार की कार्यशाळा?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणक आला म्हणजे ग्रंथालय आधुनिक झाले, असा सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ झाला आहे. दाखल नोंदवहीची जागा ‘सोल’ अथवा ‘कोहा’ यांसारख्या संगणक-प्रणालींनी घेतली, तालिकापत्रांचे लाकडी खण अडगळीत गेले. परंतु कित्येक ठिकाणी विद्यार्थी पूर्वीप्रमाणेच मागणीचिठ्ठी घेऊन खिडकीबाहेर उभा आहे. ‘पुस्तक नाही’ हे उत्तर त्याला आता संगणकाकडे पाहून दिले जाते, इतकाच फरक!

दोष यंत्राचा नाही, व्यवस्थेचा आहे. पुस्तक गहाळ झाले तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो. तेच पुस्तक दहा वर्षे कोणी उघडले नाही, तर त्याला कोणीही विचारीत नाही. अशा स्थितीत कपाटाला कुलूप लावणे हेच शहाणपण ठरते. वस्तुतः केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा वा हयगय नसल्यास, वाजवी मानली आहे. हजार रुपयांहून अधिक किमतीच्या व दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र आवश्यक आहे. हे तारतम्य आपल्या संस्थाचालकांनी स्वीकारले, तर मुक्तद्वार पद्धतीची मोठी अडचण दूर होईल.

डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात आणि वाचकाचा वेळ मोलाचा असतो, हा त्यांचा आशय होता. संगणकाचे युग तेव्हा दूर होते. बदलायची होती ती दृष्टी.

आज साधनांची वाण नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता देऊन २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्याची ही योजना आहे. छापील प्रत एकाने नेली की दुसऱ्याला थांबावे लागते. येथे आणखी एका वाचकाचा जादा खर्च जवळजवळ शून्य. म्हणूनच तिचा वापर न होणे हा निव्वळ अपव्यय होय. अर्थात, प्रथम वर्षाच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची गरज इंग्रजी शोधनिबंधाने भागत नाही. त्याला क्रमिक पुस्तकाची प्रत आणि सायंकाळी उघडी असलेली अभ्यासिका हवी. पडद्यावरील नियतकालिकांचे कारण पुढे करून या खर्चाला कात्री लावणे हा अन्याय ठरेल.

तेव्हा कपाटे उघडावीत. ग्रंथपालाची रिक्त पदे भरावीत. अभ्यासक्रमाच्या आखणीत ग्रंथपालाला अध्यापकांच्या बरोबरीने स्थान द्यावे. वार्षिक अहवालात किती ग्रंथ घेतले यापेक्षा किती वाचले गेले, हे आधी नोंदवावे. ज्याच्या घरी पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयाचे दार हेच शिक्षणाचे दार असते. ते बंद ठेवून आत कितीही संगणक बसविले, तरी ते कोठारच राहील.