तीस लाईफ आणि गेलेली लाईन

अप अप, डाऊन डाऊन, लेफ्ट राईट, लेफ्ट राईट, बी ए, स्टार्ट. गोंदिया, तिरोडा, आमगाव, सालेकसा, कुठेही आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या माणसासमोर एवढे म्हणून पाहा. त्याचे दोन्ही अंगठे आपोआप हलू लागतात. एकेकाळी त्याच्यासाठी हा तीस लाईफ मिळवण्याचा मंत्र होता आणि ज्या खेळासाठी तो पाठ केला जाई त्याचे नाव 'कॉन्ट्रा'.

'कॉन्ट्रा'वर लिहिणारे बहुतेक जण आठवणींच्या गोडव्यातच थांबतात. मला मात्र हा खेळ एक उत्तम कारागिरी म्हणून पाहावासा वाटतो. अलीकडे तो पुन्हा, या वेळी सावकाश, खेळलो आणि माझी खात्री पटली, की लहानपणी आपण ज्यावर जीव टाकला ती वस्तू खरोखरच चांगली घडवलेली होती. ती आपल्यापर्यंत पोचली मात्र अर्धवट, घडवणाऱ्यांची नावे पुसलेल्या स्थितीत.

जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ मध्ये 'कॉन्ट्रा' प्रथम आर्केडच्या यंत्रासाठी काढला. कोजी हिरोशिता त्याचे दिग्दर्शक होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये तो निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर, फॅमिकॉमवर आला. ते काम शिगेहारू उमेझाकी यांच्या हाताखाली झाले आणि घरगुती आवृत्तीचे संगीत हिदेनोरी माएझावा व कियोहिरो साडा यांचे. मूळ कथा इसवी सन २६३३ मधली आहे. न्यूझीलंडजवळच्या 'गालुगा' नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहावर उल्का पडते, तिच्यासोबत परग्रहावरचा शत्रू येतो आणि बिल रायझर व लान्स बीन या दोन सैनिकांना तिथे पाठवले जाते. अमेरिकेत खेळ विकताना ही भविष्यकथा काढून टाकली गेली आणि तिथल्या माहितीपुस्तिकेत लढाई आजच्या काळातल्या ॲमेझॉनच्या जंगलात आणली गेली. आपल्याकडे तर माहितीपुस्तिकाच नव्हती. आपल्यासाठी ते दोघे म्हणजे निळ्या पँटवाला आणि लाल पँटवाला, एवढीच ओळख.

गोंदियात खरा फॅमिकॉम कुणी पाहिला असण्याची शक्यता फार थोडी. आला तो त्याच्या नकलेचा डबा. मायक्रो जीनियस, समुराई, लिटल मास्टर अशी त्याची नावे देशभर फिरत होती. मायक्रो जीनियस हे तैवानच्या टीएक्ससी कंपनीचे उत्पादन. पुढच्या स्वस्त डब्यांत तर सगळे यंत्र एकाच चिपमध्ये कोंबलेले असे. डबा उघडला की पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसायचा. त्याच्याखाली प्रोसेसर, चित्र काढणारा भाग, आवाज, सगळे. आपण त्या डब्याला 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, कंट्रोलरला 'रिमोट' आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. आत मोजकेच खेळ, आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने. त्यातही 'कॉन्ट्रा' बऱ्याचदा चार-पाच वेळा असे. एकात तीस लाईफ आधीच दिलेल्या, दुसऱ्यात थेट पुढची स्टेज. ज्यांनी ही चोरी केली त्यांनाही माहीत होते की गिऱ्हाईक कशासाठी येते.

कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. त्यामागचे खरे कारण असे, की कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या आणि डब्यातल्या पिना यांचा संपर्क नीट बसत नसे. कॅसेट काढून परत बसवली की तो बसे, श्रेय मात्र फुंकरीला मिळे. उलट श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या हळूहळू काळ्या पडत. धानाच्या या गोंदिया जिल्ह्यात पावसाळाभर हवा आधीच ओली, त्यामुळे आपल्या कॅसेटी लवकर म्हाताऱ्या झाल्या असतील तर नवल नाही.

आता मुख्य गोष्ट. या यंत्रात काम करताना वापरायची मेमरी होती फक्त दोन किलोबाइट. कितव्या स्टेजला आहात, किती लाईफ उरल्या, हातात कोणती बंदूक आहे, सगळे तिथे. वीज गेली की ती पाटी कोरी. 'कॉन्ट्रा'च्या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. जपानमध्ये ही अडचण कुणाला जाणवली नसेल, कारण जाणत्या खेळाडूचा पूर्ण खेळ अर्ध्या तासाच्या आत संपतो. पण २००५ नंतरच्या त्या दिवसांत, जेव्हा विदर्भाच्या खेड्यांत भारनियमन तासांत मोजले जात होते, तेव्हा अर्धा तास सलग लाईन असणे ही मोठी गोष्ट होती. सातव्या स्टेजला पोचावे आणि पंखा मंद व्हावा. टीव्हीवरचे चित्र मधोमध आकसून एक ठिपका व्हावे. घरातल्या आजीने "लाईन गेली वाटते" म्हणावे, आणि रिमोट हातात धरून बसलेल्या पोराने काहीच बोलू नये.

लाईन आली की पुन्हा पहिल्या जंगलापासून. इथेच या खेळाची घडण समजते. पहिल्या स्टेजचा पूल त्याच जागी, तुम्ही पाय ठेवताच, त्याच क्रमाने फुटतो. भिंतीतली तोफ तिथेच. बंदुकीची अक्षरे घेऊन उडणाऱ्या कुप्या ठरल्या जागी येतात. धावत येणारे शिपाई तेवढे थोडे वेगळ्या वेळी निघतात, म्हणजे निव्वळ पाठांतरावर भागत नाही, डोळे उघडे ठेवावे लागतात. एक गोळी लागली की मरण आणि हातातली चांगली बंदूकही जाते. कठोर नियम आहे, पण लबाड नाही. प्रत्येक मरणाचे कारण पडद्यावर दिसते. म्हणून यंत्र दर वेळी सगळे विसरत असताना मुले काहीच विसरत नव्हती. 'एस' अक्षराची बंदूक, जिच्यातून एकदम पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटतात, ती कुठे मिळते हे गल्लीतल्या लहानग्यालाही माहीत असे. ती हातातून गेली की बसलेले सगळे हळहळत.

आणि तो मंत्र? कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' या खेळाची घरगुती आवृत्ती तपासताना घातला. खेळ त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून ही सोय. पुढे ती तशीच राहिली आणि 'कॉन्ट्रा'त तिच्यामुळे तीनच्या जागी तीस लाईफ मिळू लागल्या. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. जगातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली. ज्यांच्या बोटांत त्यांचे काम बसले आहे अशा आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हे नावही ठाऊक नसावे, याची मला खंत वाटते.

घरगुती आवृत्तीत आठ स्टेजेस आहेत आणि त्या एकसुरी नाहीत. जंगल संपले की दुसऱ्या स्टेजला कॅमेरा सैनिकाच्या पाठीमागे जातो, त्याची पाठ दिसते आणि पुढे खोल बोगदा. एवढ्या छोट्या यंत्राने खोलीचा आभास दिला होता. तिसरी स्टेज धबधब्याची, खालून वर चढायची. सालेकशाकडच्या पोरांनी दरेकसा स्टेशनाजवळचा हाजरा फॉल पाहिलेला असतो, त्यांना ही स्टेज आपली वाटली असणार. दोघे खेळत असाल तर खरी परीक्षा इथेच. एक जण घाईने वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा मरतो, शत्रूने हात न लावता. किती भावांची, किती मित्रांची भांडणे या धबधब्यावर झाली असतील! सोबत्यासाठी थांबायला ही एक स्टेज जितके शिकवते तितके मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेले नाही.

बंदुकीबद्दल बोलायला हवे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हा तेव्हाचा नक्षलप्रभावित पट्टा. जंगल, बंदूक, शिपाई हे शब्द इथल्या घरांत खेळातले नव्हते. युरोपात, जर्मनीतल्या कडक नियमांमुळे, कोनामीने १९९० मध्ये हाच खेळ 'प्रोबोटेक्टर' नावाने काढला आणि माणसांच्या जागी यंत्रमानव घातले. आपल्याकडे असा विचार कुणी केला नाही. तरी मला वाटते, या खेळाने हिंसेची गोडी लावली नाही. शेवटच्या स्टेजला शिपाई उरतच नाहीत, भिंती मांसासारख्या होतात, अंड्यांतून किडे निघतात आणि मधोमध एक प्रचंड हृदय धडधडत असते. पुस्तकांच्या दुकानात विज्ञानकथा सहज न मिळणाऱ्या गावात परग्रहाची पहिली कल्पना अनेकांना या स्टेजला आली.

आता पुन्हा खेळताना पहिला धक्का वेगाचा बसतो. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रे दाखवणारे. जपानी यंत्र ६० दाखवी आणि खेळाची चाल चित्रांच्या गतीवर बांधलेली. म्हणजे पाल डब्यांवर आपण खेळलेला 'कॉन्ट्रा' जवळजवळ एक षष्ठांशाने संथ होता आणि गाणेही तितकेच रेंगाळत वाजे. दुसरा खुलासा गोळ्यांचा. गर्दी झाली की गोळ्या लुकलुकत, आणि आपण टीव्हीला दोष द्यायचो. खरे तर ते यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रे काढू शके, जास्त झाली की आळीपाळीने दाखवी.

सगळ्यात मोठा आनंद जपानी फॅमिकॉम आवृत्तीचा. तिच्या कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची व्हीआरसी-२ नावाची जादा चिप घातली होती. तिच्यामुळे पहिल्या स्टेजची झाडे वाऱ्याने हलतात, पाचव्या स्टेजला बर्फ खरोखर पडतो, स्टेजेसच्या मध्ये नकाशा आणि कथेची चित्रे येतात. अमेरिकी आवृत्तीत हे सगळे गाळले गेले. २०२४ मध्ये वेफॉरवर्ड या स्टुडिओने कोनामीसाठी 'ऑपरेशन गालुगा' नावाने याच कथेचा नवा अवतार काढला. तो देखणा आहे. पण मला विचाराल तर जुन्या खेळाची नेमकी मापे त्याला साधलेली नाहीत.

राहिला प्रश्न लाईनचा. आपल्या जिल्ह्यात तिरोड्याला २०१२ पासून औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता ३,३०० मेगावॉट आहे. लाईन आता टिकते, पण तोवर ते डबे माळ्यावर गेले होते. तुमच्या घरी अजून एखादा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, फुंकर मारू नका. नसेल तर कोनामीचा २०१९ चा 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' घ्या, त्यात जपानी आवृत्तीही आहे. मुलांना सोबत बसवा, मंत्र न वापरता तीनच लाईफ घेऊन खेळा, आणि धबधब्यावर दुसऱ्यासाठी थांबा.