गळ्याखालची शिदोरी

तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्याकडे वळल्या की एखादीला अलगद उचला आणि मानेच्या तळाशी, किंचित उजव्या अंगाला बोटं लावा. लिंबाएवढा फुगवटा हाताला लागेल. जरासं दाबलं की आतले दाणे सरकतात. पहाटे दाणे टाकण्याआधी पुन्हा चाचपा. फुगवटा गायब!

हे अन्नपुट, कोंबडीची शिदोरी. परसातल्या कोंबडीचे पूर्वज रानकोंबडे. उघड्यावर रेंगाळलं तर मुंगसाची, ससाण्याची धाड. म्हणून भराभर टिपायचं, गळ्याखालच्या पिशवीत भरायचं आणि फांदीवर बसून रात्रभर जिरवायचं. पिशवीत दाणा भिजतो, फुगतो. तिथे नांदणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचेच भाऊबंद. ते आंबटपणा आणतात आणि घातक जंतूंना थारा देत नाहीत. पुढे जठराचा पाचक रस, आणि मग आपण कलेजीबरोबर शिजवतो तो पेटा. हे कोंबडीचं जातं. उकिरड्यावर टिपलेले बारीक खडे त्यात दाणा भरडतात. दात नसलेल्या जीवाने दात असे बाहेरून आणले!

पहाटेही पिशवी भरलेलीच असेल, तर मात्र काहीतरी अडलंय. मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागली, तर लांब गवत, सुतळी किंवा प्लॅस्टिकचा गुंता झाला असावा. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळली आणि चोचीला आंबूस घाण येत असेल, तर विरजण बिघडलं. अन्न तुंबून राहिलं किंवा प्रतिजैविकांनी चांगले जिवाणू मारले, की कॅन्डिडा नावाची बुरशी तिथे माजते.

गंमत अशी, की पुष्कळदा दोष पिशवीचा नसतोच. पुढे पेटा तुंबला तरी मागे पिशवी साचते. कधी तर खोट मज्जातंतूत असते. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली लुळ्या पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन केलं. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा विषाणुजन्य रोग मेंदूकडून पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला ग्रासतो, तेव्हा पिशवी ढिली पडून लोंबते. आपल्याकडची मानमोडी, म्हणजे कुमाऊँतल्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा राणीखेत रोग. त्यातही पिशवीत पाणी साचू शकतं. या दोन्ही रोगांवर लस आहे, पण ती आधीच टोचलेली हवी.

पिशवी रिकामी करायला काहीजण कोंबडी उलटी धरतात. ते टाळावं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. आंबलेलं पाणी फुप्फुसात उतरलं तर कोंबडी हातातच जाते. खाणं थांबवून तिला वेगळी ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.

एरवी माणसाची शिदोरी संपली की काळजी वाटते. इथे उलटं. पहाटे शिदोरी रिकामी, हीच कोंबडीची खुशाली.