आगीनंतर कलावस्तूंची जपणूक

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून तयार केल्या. त्यांतील बहुसंख्य १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रांची हानी वेगळ्या कारणांनी झाली. लेण्यांत वस्ती करणाऱ्यांच्या चुलींचा धूर त्यांवर साचला आणि रक्षणासाठी दिलेले वार्निश कालांतराने पिवळे पडले.

मावळ तालुक्यात हा विषय दूरचा नाही. कार्ले व भाजे येथील चैत्यगृहांत प्राचीन लाकडी कमानी आजही आहेत. वडिवळ्यासारख्या गावांतही देवळातील तसबिरी, कोरीव लाकूडकाम, जुन्या पोथ्या व शाळेतील चित्रे हा गावाचा ठेवाच होय.

काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म व बहुधा तेलकट कण. ओले फडके फिरविल्यास ते रंगाच्या व कागदाच्या रंध्रांत खोल शिरतात. शिवाय काजळीतील आम्लांश पृष्ठभागास हळूहळू खातो. म्हणून विलंब आणि घाई, दोन्ही घातक ठरतात.

इमारत सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावरच आत जावे. प्रथम प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घेऊन यादी करावी. वस्तू खालून आधार देऊन उचलाव्यात; काजळीवर बोट लावू नये. पंखे लावून काजळी उडवू नये. बंबाच्या पाण्याने भिजलेले कागद उन्हात न टाकता सावलीत, हवेशीर जागी टीपकागदावर पसरावेत. दोन दिवसांत ते न सुकल्यास बुरशी धरू लागते. काचेला चिकटलेले चित्र ओढून सोडवू नये. रंगाचे पोपडे सुटत असल्यास त्यास हातही लावू नये. पाणी, साबण, रॉकेल वा वार्निश यांचा वापर कटाक्षाने टाळावा.

पुढील काम तज्ज्ञांचे. ते कोरड्या रबरी स्पंजाने वा मऊ कुंचल्याने काजळी उचलतात व द्रावकाची चाचणी आधी लहानशा कोपऱ्यावर घेतात. मार्गदर्शनासाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाशी संपर्क साधावा. संरक्षित लेण्यांचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडेच सोपवावे.

तथापि प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. समई व उदबत्ती तसबिरींपासून दूर ठेवणे, जुन्या वीजतारा तपासून घेणे, वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवणे आणि वस्तूंची सचित्र नोंदवही दुसऱ्या इमारतीत जपणे, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीस व शाळेस सहज करता येईल.