मतलई वाऱ्याचं तिकीट

बेंगळुरूला समुद्र नाही. शहर वसलंय नऊशे मीटर उंचीवर, आणि चेन्नईकडे उतरा किंवा मंगळुरूकडे, खाऱ्या पाण्यापर्यंत रस्ता साधारण साडेतीनशे किलोमीटरचा. तरीही शुक्रवारी रात्री शिराडी घाटातून मंगळुरूकडे उतरणाऱ्या बसमध्ये अशी पोरं भेटतात, ज्यांच्या पाठपिशवीत लॅपटॉपशेजारी ओला व्हायला तयार असलेला रॅश गार्ड, म्हणजे सर्फिंगचा घट्ट सदरा, असतो. दोन दिवस लाटांवर पडायचं, सोमवारी पुन्हा मीटिंगला बसायचं. वर्षभर असं पडून झालं की पुढचा प्रश्न येतोच : परदेशात एकदा जाऊन यायचं, पण पगारात बसेल असं कुठे?

बाली लांब, हवाई तर फक्त पोस्टरवर. विमानाने दीड तासाच्या आसपास असलेली श्रीलंका मात्र बसते. पण ही सहल नुसत्या काटकसरीने स्वस्त होत नाही. ती स्वस्त होते शाळेच्या भूगोलातला वाऱ्यांचा धडा आठवला तर.

आधी घरचा समुद्र

परदेशात जाऊन पहिला धडा गिरवणं म्हणजे पैसे पाण्यात. मंगळुरूच्या उत्तरेला, शांभवी नदीच्या मुखाशी मुल्की आहे. तिथे जॅक हेबनर या अमेरिकी संन्याशाच्या आश्रमातून २००४ साली 'मंत्रा सर्फ क्लब' उभा राहिला. देशातला तो पहिला सर्फ क्लब मानला जातो. आणखी उत्तरेला कोडी बेंगरे आहे. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकायला आली, २००७ मध्ये सर्फिंग शिकली आणि पुढे तुषार पठियन यांच्यासोबत तिने इथे 'शाका सर्फ क्लब' चालवला. फळीवर पालथं झोपून हाताने पाणी मारणं, लाटेने मागून उचललं की एका झटक्यात उभं राहणं, आणि न घाबरता पडणं, एवढं इथे जमलं की मग तिकीट काढावं.

मराठी वाचक इथे विचारेल, मग आमचं कोकण काय वाईट? वाईट काहीच नाही, पण किनाऱ्यासमोरचा समुद्र उथळ आहे. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलेली आहे. दुरून येणारी लाट एवढं अंतर तळाला घासत येते आणि किनारा गाठेपर्यंत तिची ताकद सरते. श्रीलंकेभोवती हाच पट्टा सरासरी वीस-पंचवीस किलोमीटरचा. लाट तिथे जवळजवळ ताजी पोचते.

लाट येते कुठून?

ही लाट जन्मते हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळी समुद्रात. श्रीलंकेचा दक्षिण किनारा आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये आडवी येणारी मोठी जमीनच नाही. वादळ तिथे राहतं, त्याची ऊर्जा मात्र लयबद्ध ओळींनी उत्तरेला येत राहते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीडपटीवर आली की लाटेचा पाय अडखळतो, डोकं पुढे जातं आणि ती फुटते. तळ हळूहळू चढणारा आणि वाळूचा असेल तर ती सावकाश फुटते. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा वेलिगमाचा उपसागर नेमका असा आहे, म्हणूनच तो नवशिक्यांचा.

आता वारा. जमिनीकडे येणारा खारा वारा लाटेला मागून ढकलून वेळेआधीच पाडतो. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा तिच्या तोंडावर येतो आणि तिला थोडा वेळ उभी धरतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून मतलई वारा रात्रीचा आणि पहाटेचा. सर्फिंग करणारे सहाला पाण्यात उतरतात ते हौसेने नव्हे, दुपारी वारा फिरतो म्हणून.

एक बेट, दोन मोसम

हाच हिशेब ऋतूंना लावला की सहलीचं कॅलेंडर तयार होतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर थेट आदळतात. त्या काळात आपल्याकडेही होड्या वर ओढलेल्या असतात आणि कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. पण तेच वारे बेट ओलांडून पूर्व किनाऱ्यावर पोचतात तेव्हा ते जमिनीवरून समुद्राकडे जात असतात. म्हणून पूर्वेकडच्या अरुगम बेचा मोसम तेव्हाच. नोव्हेंबर ते एप्रिल उलट : वारे ईशान्येचे, आणि हिक्कडुवा, वेलिगमा, मिरिसा हा पट्टा तयार.

बेंगळुरूहून पहिल्यांदा जाणाऱ्याने नैर्ऋत्य किनारा निवडावा, कारण तिथे रेल्वे जाते. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा खोल्या महाग. नोव्हेंबरचा शेवट किंवा मार्च बरा. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

पैसा कुठे वाचतो

पहिली बचत : फळी नेऊ नका. लांब सामानाचं विमानभाडं भरण्यापेक्षा किनाऱ्यावर तासाने मिळणारी फोमची फळी परवडते, आणि नवशिक्याला तीच हवी. दुसरी : विमानतळावरून टॅक्सी न करता बसने कोलंबो फोर्ट स्टेशन गाठा आणि तिथून मातरकडे जाणारी गाडी पकडा. ही गाडी मैलोन्‌मैल समुद्राला खेटून धावते. तिसरी : पर्यटकांच्या कॅफेऐवजी 'राइस अँड करी'ची पाटी शोधा. भात, तीन-चार भाज्या, डाळ आणि 'पोल सांबोल', म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी. कोकणी माणसाला घरच्यासारखं वाटेल असं इथलं 'अंबुल तियाल', म्हणजे आंबट मासे. त्यातला आंबटपणा गोरकाचा, आणि गोरका म्हणजे आपल्या कोकमाचाच भाऊबंद. एका भारतीय रुपयाला तीनहून जास्त श्रीलंकन रुपये मिळतात. पण भावही त्याच मानाने चढे, तेव्हा नोटा पाहून हुरळू नये.

पाण्याची ओढ

हिक्कडुव्याच्या अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडी वाहून गेली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. गाडी आजही त्याच मार्गावरून जाते. खिडकीतून दिसणारा समुद्र शांत असतो, त्याच्याकडे बघण्याची आपली नजर तेवढी बदलते.

रोजचा धोका मात्र वेगळा. फुटलेल्या लाटांचं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत खेचतं. कोकणात त्याला 'ओढ' म्हणतात. ओढीशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं. फळी सोडायची नाही. आणि एका लाटेवर एकच माणूस : फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची.

निघण्याआधी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचे लाटांचे अंदाज वाचायची सवय आपल्याच किनाऱ्यावर लावून घ्यावी. मच्छीमारांसाठी दिलेले हे अंदाज फुकट आहेत. लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा : तीन आकडे. दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त अंतराने येणाऱ्या लाटा म्हणजे दक्षिणेतून आलेल्या पाहुण्या.

अकराच्या सुमारास वेलिगमाचं पाणी विस्कटू लागतं. खारा वारा सुटलेला असतो. भाड्याचा वेळ बाकी असला तरी जाणते फळी परत करून भात खायला निघतात. वाऱ्याशी घासाघीस होत नाही, हे ज्याला कळलं त्याची सहल स्वस्तात होते.