संगणक जागा का होत नाही?

तेव्हाच्या कलकत्त्यात, शहराच्या उत्तरेस बरानगर येथे असलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचे यंत्र मागविले. भारतात आलेला हा पहिला अंकीय संगणक होय. त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ढोलावर असे. त्यानंतर सोव्हिएत संघाकडून उराल हे यंत्रही तेथे आले. त्या काळच्या संगणकांपुढे एक मूलभूत अडचण होती. संगणक केवळ आज्ञा मिळाल्यावर काम करतो. परंतु आज्ञा वाचून घेण्यासाठीही त्याला आधी काही आज्ञा लागतात. स्वतःच्या खांद्यावर स्वतः चढण्यासारखाच हा प्रकार. म्हणून आरंभीच्या मोजक्या आज्ञा बाहेरून पुरवाव्या लागत. पुढे त्या यंत्रातच कायम कोरून ठेवण्याची युक्ती निघाली.

आज कोलकात्याच्या चांदनी चौकातील दुकानांतून लॅपटॉपसाठी बोटभर लांबीची नवी डिस्क विकत मिळते. ती बसविणे हे पाच-दहा मिनिटांचे काम. परंतु कित्येकदा डिस्क बदलल्यावर यंत्र चालू होत नाही आणि पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश झळकतो. मालक घाबरतो, यंत्रच बिघडले असे त्यास वाटते. वस्तुतः बरानगरच्या यंत्रांपुढची जुनी अडचणच येथे नव्या रूपाने उभी असते.

संगणकाचे जागे होणे ही एक साखळी आहे. वीज मिळताच मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमधील कार्यक्रम सुरू होतो. यास पूर्वी बायॉस म्हणत. त्याची जागा आता यूईएफआयने घेतली आहे. तो स्मृती व अन्य भाग तपासतो, नंतर डिस्क शोधतो. डिस्कच्या ठरावीक जागी ‘लोडर’ नावाचा छोटा कार्यक्रम असतो. त्याच्या हाती सूत्रे दिली जातात. लोडर मग विंडोज किंवा लिनक्स यांसारखी मुख्य प्रणाली स्मृतीत आणतो. यांतील पहिली कडी डिस्कवर नसते. म्हणूनच डिस्क काढून टाकली तरी पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते. साखळी कोठे तुटली हे यावरूनच ओळखता येते.

पडदा पूर्णतः काळा राहिला, तर दोष बहुधा लोडरचा नसतो. यंत्र उघडताना स्मृतीची पट्टी किंवा बॅटरीची जोडणी हलली असण्याचा संभव असतो. यंत्र बंद करून, वीज तोडून नवी डिस्क काढावी व पुन्हा चालू करून पाहावे. आता चिन्ह दिसले, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या जोडणीत आहे असे समजावे.

चिन्ह दिसते, पण पुढे काही घडत नाही, अशा वेळी यूईएफआयच्या मांडणीत शिरावे. त्यासाठी यंत्राच्या बनावटीप्रमाणे एफ-२, डिलीट अशी एखादी कळ दाबावी लागते. तेथील यादीत नव्या डिस्कचे नाव आहे काय, हा कळीचा प्रश्न. नाव नसेल तर जोडणी पुन्हा घट्ट बसवावी. जुन्या धर्तीच्या अडीच इंची डिस्कला सात व पंधरा टोकांच्या दोन पट्ट्या असतात. पट्टीसारख्या एम.२ डिस्कच्या बाबतीत वेगळीच फसगत होते. या आकाराच्या डिस्कांत साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. कित्येकदा दोन्ही एकाच खाचेत बसतात. परंतु खाच एकाच प्रकाराची भाषा जाणत असेल, तर दुसरी डिस्क चांगली असूनही दिसत नाही.

यादीत नाव असूनही यंत्र सुरू होत नसेल, तर डिस्क कोरी आहे काय ते पाहावे. जुन्या डिस्कवरील फाइली नुसत्या उतरवून घेतल्याने लोडर येत नाही. कारण तो नेहमीच्या कप्प्यांत नसतो. बायॉसच्या पद्धतीत तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांपासून सुरू होतो. यूईएफआयच्या पद्धतीत त्यासाठी एक लहान, एरवी न दिसणारा विभाग राखलेला असतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि यंत्र केवळ नवी पद्धत मानणारे असले, तरीही साखळी तुटतेच. अशा वेळी प्रणाली नव्याने बसवावी, किंवा पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करून लोडर दुरुस्त करावा. प्रणाली अर्धवट सुरू होऊन निळा पडदा येत असेल, तर मांडणीतील साटाची पद्धत बदलली गेली आहे काय, तेही तपासावे.

या सर्व खटाटोपात खरी मोलाची वस्तू मात्र जुनी डिस्क होय. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा कुटुंबाची वीस वर्षांची छायाचित्रे तीवर असतात. यंत्र ‘चालू करून द्या’ एवढेच सांगितले, तर कारागीर सर्वांत जवळचा मार्ग धरील. आणि जुन्याच डिस्कवर प्रणाली नव्याने बसविणे हाही एक जवळचा मार्गच आहे. तेव्हा ‘आधी फाइली, मग यंत्र’ हे स्पष्ट सांगावे. जुनी डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये; प्रत्येक प्रयत्नाने हानी वाढू शकते. बाहेरून जोडल्यावर ‘फॉरमॅट करावे काय?’ असा प्रश्न आल्यास नकार द्यावा. विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केली असेल, तर ४८ अंकी किल्ली आधीच शोधून ठेवावी. तिच्यावाचून निरोगी डिस्कही वाचता येत नाही.

नव्या डिस्कवर प्रणाली पुन्हा बसविता येते, लोडरही पुन्हा लिहिता येतो. पुसला गेलेला प्रबंध मात्र कोणतीही चिप आपल्या पोटातून काढून देत नाही.